सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते? पार्ट बदलण्याआधी दुखणं नेमकं कसं शोधायचं

लाल सिग्नल लागतो. गाडी थांबते, गिअर न्यूट्रलला येतो आणि स्टिअरिंगमध्ये थरथर सुरू होते. आरपीएमचा काटा ८०० वरून ६०० पर्यंत घसरतो, पुन्हा वर येतो, पुन्हा घसरतो. सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की सगळं गायब. गाडी नेहमीसारखी पळते, त्यामुळे मालकही विसरून जातो.

मग एखाद्या दिवशी ती भर चौकात बंद पडते. गॅरेजमध्ये नेली की आधी प्लग बदलले जातात. फरक पडत नाही. मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची साफसफाई, मग एखादा सेन्सर. बिल वाढत जातं, थरथर मात्र तशीच.

अंदाजाने पार्ट बदलत राहिलं की असंच होतं. आयडलिंग बिघडणं हे तापासारखं लक्षण आहे आणि त्यामागे डझनभर कारणं असू शकतात. त्यातली बरीचशी स्वस्तात सुटणारी असतात. फक्त कोणतं कारण आहे हे आधी ठरवावं लागतं आणि त्यातलं निम्मं काम गाडीचा मालक पाना हातात न घेता करू शकतो.

त्रास आयडलिंगलाच का दिसतो?

चारचाकीचं इंजिन फोर-स्ट्रोक असतं. म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण झाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटतं. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर आयडल होत असेल, तर मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा आतमध्ये ज्वलन होतं. यातला एक सिलिंडर नीट पेटला नाही, तर सेकंदाला सुमारे सहा वेळा इंजिनला धक्का बसतो. गॅरेजच्या भाषेत याला गाडी ‘मिसिंग करते’ म्हणतात.

हीच गाडी ३००० आरपीएमवर असेल तर ज्वलनं सेकंदाला १०० होतात. फ्लायव्हीलचा वेग जास्त असतो, गाडीलाही गती असते. एखादा धक्का त्यात विरघळून जातो. आयडलिंगला मात्र इंजिन कसंबसं स्वतःला फिरतं ठेवण्यापुरतीच ताकद तयार करत असतं. हवा कमी, इंधन कमी, चुकीला वाव कमी. म्हणून बिघाड सुरुवातीला तिथेच दिसतो. ‘पळताना तर काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून दुर्लक्ष करणं म्हणूनच महागात पडतं.

आधी हे बघा : काटा हलतोय का?

गाडी थरथरत असताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा वरखाली होत असेल तर बिघाड ज्वलनात, हवेत किंवा इंधनात आहे. काटा स्थिर असेल, इंजिनचा आवाजही एकसारखा असेल आणि तरीही सीट, आरसा, डॅशबोर्ड थरथरत असेल, तर संशय इंजिन माउंटिंगवर घ्यायचा. गॅरेजमध्ये यालाच फाउंडेशन म्हणतात. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं ते रबर चिरलं किंवा दबलं, की इंजिनची नेहमीची कंपनं थेट बॉडीत उतरतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून ‘डी’मध्ये ठेवा. न्यूट्रलला शांत आणि ‘डी’मध्ये थरथर, काटा मात्र जागेवर, असं असेल तर माउंटिंगची शक्यता आणखी वाढते. अशा गाडीचे प्लग कितीही वेळा बदलले तरी काहीच होणार नाही.

आणखी एक गोष्ट. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा मुळातच थोडं जास्त थरथरतं. टियागो, क्विड, अल्टो के१० यांची पेट्रोल इंजिनं तीन सिलिंडरची आहेत. २०२४ मध्ये आलेली नवी स्विफ्टही तीन सिलिंडरवर गेली, आधीची चार सिलिंडरची होती. जुन्या स्विफ्टची सवय असलेल्या माणसाला नवी गाडी ‘खराब’ वाटू शकते. गाडी नवीन असल्यापासून थरथर तेवढीच असेल, तर तो बहुधा इंजिनचा स्वभाव आहे. गेल्या महिन्यापासून वाढली असेल तर बिघाड शोधायला हवा.

थरथर नेमकी कधी होते?

मेकॅनिकला ‘गाडी थरथरते’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं आहे. कधी थरथरते, हे सांगितलं की शोधाची दिशाच बदलते.

सकाळी थंड इंजिनावर पहिल्या मिनिटात आरपीएम हजाराच्या वर असणं नॉर्मल आहे. इंजिन तापलं की तो खाली येतो. थंड असताना वाईट आणि तापल्यावर ठीक, असं असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा इंजिनचं तापमान मोजणारा कूलंट सेन्सर यांच्याकडे बघायचं. हा सेन्सर चुकीचं तापमान सांगायला लागला तर कॉम्प्युटर थंड इंजिनाला तापलेल्या इंजिनाएवढंच इंधन देतो आणि गाडी कुंथायला लागते.

उलट, थंड असताना ठीक आणि तापल्यावर वाईट, असं असेल तर कॉइल गरम झाल्यावर दगा देत असण्याची शक्यता असते. गाडी सीएनजीवर बरीच पळालेली असेल तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे टॅपेट, तपासायला हवं.

फक्त एसी लावल्यावर थरथरते? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. तो सुरू होताना कॉम्प्युटर थोडी जास्त हवा सोडून आयडल सांभाळतो. थ्रॉटल बॉडी काजळीने भरली असेल तर हे सांभाळणं जमत नाही. कॉम्प्रेसर स्वतः जड फिरत असेल तरीही असंच होतं.

पेट्रोल भरल्यावर पाच-दहा मिनिटं त्रास आणि मग ठीक, हे लक्षण फार नेमकं आहे. टाकीतल्या पेट्रोलची साठवलेली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला, की टाकी भरल्यावर ही वाफ नको तेव्हा इंजिनात शिरते. पंपावर ‘भेसळीचं पेट्रोल’ म्हणून भांडण करण्याआधी हा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

आणि गाडी धुतल्यावर? वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं जातं. ते प्लगच्या खोबणीत साचतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी पाण्यातून बाजूच्या धातूत उतरते. कॉइल काढून, हवा मारून, सुकवून बसवलं तर अनेकदा तेवढ्यावर भागतं. इंजिन चकचकीत दिसण्याने मायलेज वाढत नाही, तेव्हा हे पाणी मारणं टाळलेलंच बरं. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या गाडीत असाच त्रास दिसला तर बॉनेट उघडून उंदरांच्या खुणाही बघा. इंजेक्टर किंवा कॉइलची एक कुरतडलेली वायर एक सिलिंडर बंद पाडायला पुरेशी असते.

पिवळा दिवा : लागलेला आणि लुकलुकणारा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठा खर्च याच ठिकाणी वाचतो किंवा वाढतो.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागलेला असेल तर कॉम्प्युटरने बिघाडाची नोंद केली आहे. गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. याचा अर्थ मिसफायर इतका जास्त आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याचा धोका आहे.

कन्व्हर्टर सायलेन्सरच्या पाइपात असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो महाग असतो. सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल तिथपर्यंत पोहोचलं की ते कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. म्हणजे एका कॉइलचं काम पुढे ढकलल्याने तिच्या कित्येक पट किमतीचा पार्ट जातो. दिवा लुकलुकायला लागला की ॲक्सिलरेटर सोडा. तरीही थांबत नसेल तर सुरक्षित जागी गाडी उभी करा आणि टो करून न्या. हायवेवर ‘अजून ३० किलोमीटरच तर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही यंत्रणा बंधनकारक झाली. म्हणजे त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की कोड वाचता येतात. ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारे साधे स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

‘पी ०३००’ म्हणजे मिसफायर होतोय, पण एकाच सिलिंडरमध्ये नाही. ‘पी ०३०१’, ‘पी ०३०२’ म्हणजे अनुक्रमे पहिला, दुसरा सिलिंडर. ‘पी ०१७१’ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, ही गोष्ट इथे बऱ्याच जणांची निसटते. ‘पी ०३०२’ आला म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल गेली असं ठरत नाही. प्लग असेल, इंजेक्टर असेल, वायर असेल किंवा व्हॉल्व्ह जळालेला असेल. मग ओळखायचं कसं? यासाठी एक जुनी, फुकटची युक्ती आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन बंद आणि थंड असताना, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची. कोड पुसायचा, गाडी चालवायची. आता ‘पी ०३०३’ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ‘पी ०३०२’च राहिला तर कॉइल निर्दोष. मग हेच प्लगच्या बाबतीत करायचं. दोन्ही करूनही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं. एवढं करायला अर्धा तास लागतो आणि एकही नवा पार्ट लागत नाही. जे गॅरेज हे न करता थेट चारही कॉइल बदलायला सांगतं, तिथे एक प्रश्न नक्की विचारावा : ‘चारही खराब आहेत हे कशावरून कळलं?’

चालू इंजिनवर प्लगची वायर उपसून बघण्याची जुनी पद्धत मात्र विसरा. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. माणसाला झटका बसतोच, कॉइल आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतात. आणि कोड वाचण्याआधी बॅटरीची वायर काढू नका. त्याने नोंदी पुसल्या जातात, म्हणजे पुरावाच नाहीसा होतो.

चोरून आत येणारी हवा

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. या भागाला जोडलेला एखादा रबरी पाइप चिरला, गॅस्केट सुकलं किंवा ब्रेक बूस्टरची नळी सैल झाली की बाहेरची हवा आत खेचली जाते.

एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा मोजलीच जात नाही. कॉम्प्युटर कमी हवेच्या हिशेबाने इंधन देतो आणि ज्वलन अडखळतं. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मात्र मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे जास्तीची हवा दाबातून लक्षात येते, इंधनही वाढतं आणि थरथरीपेक्षा आरपीएम वाढलेलाच राहतो. गाडी १२०० वर आयडल होतेय आणि खाली येत नाही, तर तिथेही हीच गळती असू शकते.

शोधायचं कसं? आधी कान. बॉनेट उघडून सुस्कारल्यासारखा ‘स्स्स’ आवाज येतो का ऐका. मग डोळे. रबरी नळ्यांच्या टोकांशी, वळणांशी चिरा बघा. त्यानंतर स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देतोय, हे तो दाखवतो. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलला हा आकडा अधिक २० च्या आसपास असेल आणि २५०० आरपीएमवर शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती जवळजवळ नक्की. कारण भोक तेवढंच राहतं, पण वेगात इंजिन इतकी हवा घेतं की चोरीच्या हवेचा वाटा नगण्य होतो. उलट आकडा वेगात वाढत असेल तर इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमी पडतोय.

चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तो स्प्रे ज्वलनशील असतो आणि बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट असतो. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधणारं मशीन असतं, ते वापरून घ्यावं.

थ्रॉटल बॉडी आणि ‘डिकार्बनायझिंग’

थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला तेलकट काजळी साचते. आयडलिंगची सगळी हवा त्या बारीक फटीतूनच जाते, त्यामुळे थोडी काजळीही जाणवते. स्प्रे आणि मऊ कापडाने ती निघते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलायची नाही. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावा लागतो. हे केलं नाही तर साफसफाईनंतर आरपीएम उलट जास्त वाढलेला दिसतो आणि मालकाला वाटतं मेकॅनिकने बिघडवलं.

सर्व्हिस सेंटरला प्रत्येक थरथरीवर सुचवलं जाणारं ‘इंजिन डिकार्बनायझिंग’ पॅकेज मात्र कोड वाचल्याशिवाय घेऊ नये. कॉइल खराब असेल तर कोणत्याही फोमने ती दुरुस्त होत नाही.

सीएनजी, इथेनॉल आणि पाणी

सीएनजी गाडीच्या मालकाकडे निदानाचं एक साधन आयतंच असतं : इंधन बदलायचं बटण. सीएनजीवर थरथर आणि पेट्रोलवर शांत, तर संशय सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर किंवा ट्यूनिंगवर. दोन्हीवर सारखीच थरथर, तर बिघाड इंजिनच्या बाजूचा. एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर कशीबशी चालते आणि सीएनजीवर उघडी पडते. म्हणून सीएनजी किट उघडण्याआधी प्लग काढून बघावेत.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हे आपोआप जुळवून घेतो. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० किंवा पद्मिनीला ते जमत नाही, तिथे ‘स्लो’ पुन्हा सेट करून घ्यावा लागतो. इथेनॉल पाणीही शोषून घेतं. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. पेट्रोल भरून निघाल्यावर लगेच गाडी मिसिंग करायला लागली आणि नंतर सुधारलीच नाही, तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर शंका मिटली.

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, तिथे इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा हे मुख्य संशयित. बीएस-६ डिझेल गाडीत मधूनच आयडल वाढला आणि पंखा जोरात फिरायला लागला, तर बहुतेक वेळा फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम चालू असतं. त्यात बिघाड काही नसतो.

सगळं तपासूनही थरथर राहिली तर

मग कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक प्लग काढून त्या जागी गेज लावतात. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असायला हवेत. एक १५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन खोलायचा सल्ला मिळाला तर हे आकडे कागदावर लिहून मागा. हजारोंचं काम आहे, आकडे मागण्यात संकोच नको.

घरच्या घरी तपासत असाल तर बंद शटरमागे इंजिन चालू ठेवू नका. नीट न जळणारं इंजिन जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतं आणि त्याला वास नसतो.

आणि एक कागद बहुतेकांच्या गाडीत पडूनच असतो, पीयूसीचा. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत आयडलिंगलाही मोजमाप होतं आणि त्यावर सीओ आणि एचसी यांचे आकडे छापलेले असतात. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी आयडलची मर्यादा सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम आहे. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन. सीओ कमीच आहे आणि एचसी एकदम वाढलाय, तर एखादा सिलिंडर पेटत नाही किंवा हवा जास्त शिरतेय. सीओ वाढलाय, तर इंधन गरजेपेक्षा जास्त जातंय. गेल्या वर्षीचं पीयूसी आणि या वर्षीचं शेजारी ठेवा. थरथर सुरू झाल्याच्या सुमारास यातला कोणता आकडा हलला, हे गॅरेजला जाताना सोबत न्या.